तीर्थ, गुटी आणि पंधरा महिन्यांचा नातू

डॉक्टरताई, नमस्कार.

मी नाशिक रोडला जेल रोड भागात राहते. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, सून सातपूरला कंपनीत, शिफ्टमध्ये. नातवंडं दिवसभर माझ्याकडे. नात पाच वर्षांची, नातू पंधरा महिन्यांचा. आषाढी एकादशीनंतर दोन दिवसांनी नातवाला जुलाब लागले. दिवसभरात आठ-नऊ वेळा पाण्यासारखी शी, दोन उलट्या, अंगात ताप. आमच्याकडे जुलाब झाले की लंघन करायची पद्धत. मी त्याचं दूध, खिमटी सगळं बंद केलं आणि साबुदाण्याचं पाणी तेवढं देत राहिले. गुटीतली मुरडशेंग सहाणेवर उगाळून चाटवली. मुलाने मेडिकलमधून जुलाब थांबायचं सिरप आणलं आणि सफरचंदाच्या चवीचं डब्यातलं पेय आणलं; दुकानदार म्हणाला, ओआरएसच (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) आहे. दुसऱ्या दिवशी शीत शेम आणि रक्त दिसलं, पोराने मान टाकली. सून रात्रपाळीहून आली ती तशीच त्याला घेऊन दवाखान्यात गेली. दोन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं झाली. तपासणीत शिगेला नावाचे जंतू निघाले. घरी येऊन आठवडा झाला. शी आता बरी होते, पण पोर वाळलंय. झिंकच्या गोळ्या पाच दिवस दिल्या, जुलाब थांबले म्हणून बंद केल्या. उरलेलं सिरप फ्रिजमध्ये ठेवलंय.

सून म्हणते, तुमच्या गुटीने आणि उपाशी ठेवण्याने हे झालं. कामापुरतंच बोलते. आणखी एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. एकादशीला काळारामाचं दर्शन घेऊन मी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर गेले होते. तांब्यात गंगा आणली आणि चमचाभर तीर्थ नातवाच्या तोंडात घातलं. तेव्हापासून झोप लागत नाही. नातीचंही एकादशीच्या आधी दोन दिवस पोट दुखत होतं, पातळ होत होतं, तिचं आपोआप थांबलं. माझ्यामुळेच झालं का हो हे? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

— नातवाची आजी

*

मावशी,

पत्राच्या शेवटी आलेलं 'माझ्यामुळेच झालं का' हे वाक्य आधी वाचलं असतं तरी चाललं असतं, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. त्याचं उत्तर देणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी आजच्या आज करायच्या तीन गोष्टी सांगते, त्या थांबू शकत नाहीत.

झिंकच्या गोळ्या आजच पुन्हा सुरू करा. त्या जुलाब थांबवण्यापुरत्या नसतात. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, असा १४ दिवसांचा कोर्स असतो आणि जुलाब थांबले तरी तो पुरा करायचा असतो. जुलाबात शरीरातलं झिंक वाहून जातं. ते भरून निघालं की आतड्याचं सोललेलं अस्तर लवकर सांधतं आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी होते. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्या. चव जरा धातूसारखी लागते, एखाद्या वेळी ओकारी येते, पण गोळी सोडू नका.

दुसरं, फ्रिजमधलं सिरप फेकून द्या. ते पावडरमध्ये पाणी घालून केलेलं प्रतिजैविक (अँटिबायोटिक) असेल, तर लेबलवर लिहिलेल्या थोड्या दिवसांपुरतंच टिकतं. आणि मुख्य म्हणजे पुढचे जुलाब याच जंतूचे असतील असं कुणी सांगितलंय?

तिसरं, पुढचे आठ-दहा दिवस त्याच्या लघवीकडे आणि रंगाकडे लक्ष ठेवा. रक्ताच्या जुलाबांनंतर क्वचित एखाद्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो. बाळ पांढरंफटक दिसायला लागलं, लघवी फारच कमी झाली, तोंडावर किंवा पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. असं होईलच असं नाही, बहुतेक मुलांना काहीही होत नाही. तरी माहीत असलेलं बरं.

आता तुमचा प्रश्न.

शिगेला हा जिवाणू फार चिवट आहे. इतर कित्येक जंतू लाखांच्या संख्येने पोटात गेले तर आजार होतो. याचे दहा ते शंभर जंतूही पुरतात. नखाच्या खाचेत मावतील एवढेच. आजारी माणसाच्या शीमधून हातावर, हातावरून भांड्यावर, खेळण्यावर, घासावर, आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात असा त्याचा प्रवास. पावसाळ्यात माश्या त्याला मदत करतात. पोटात गेल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत आजार दिसतो. आधी ताप आणि पाण्यासारखे जुलाब, मग आतड्याचं आतलं अस्तर सोलवटलं की शेम, रक्त, कळा आणि कुंथणं. आपल्या आज्या याला रक्ती आव म्हणायच्या. तुमच्या नातवाचं सगळं तसंच झालं.

आता दिवस मोजा. एकादशीला तीर्थ, दोन दिवसांनी जुलाब. हिशेब जुळतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण नातीचा हिशेबही तितकाच जुळतो. तिचं पोट आधी बिघडलं होतं. पाच वर्षांची मुलगी, शाळेतून येते, शी धुतल्यावर हात साबणाने धुतेच असं नाही, आणि दिवसभर धाकट्या भावाशी खेळते, त्याला आपल्या हाताने बिस्किट भरवते. घरात शिगेला शिरतो तो बहुतेक वेळा असाच, एका पोराकडून दुसऱ्याकडे. मोठ्या मुलाचे जुलाब आपोआप थांबले तरी त्याच्या शीतून हे जंतू पुढे तीन-चार आठवडेही पडत राहू शकतात. मला विचाराल तर माझा संशय आधी नातीच्या हातांवर जातो, मग तीर्थावर आणि सगळ्यात शेवटी गुटीवर. पण हा संशय आहे, पुरावा नाही. कुणीही डॉक्टर आता छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि नातीला यातलं काही ऐकू येऊ देऊ नका. पाच वर्षांच्या पोरीने "माझ्यामुळे भाऊ आजारी पडला" हे मनात घेऊन मोठं व्हायला नको.

तरीही तीर्थाबद्दल स्पष्ट बोलते. मी नाशिकचीच. आषाढ-श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघायला आपण सगळे घाटावर जातो. त्या दिवसांत रामकुंडातून जे वाहतं त्यात डोंगरावरची माती असते, तशीच गावाची गटारं आणि नाल्यांची घाणही असते. गंगा आपल्यासाठी पवित्र आहे म्हणून तिच्यातले जंतू मरत नाहीत. तुमची श्रद्धा माझ्याही घरात आहे. माझी आई तीर्थ बाळाच्या डोळ्यांना आणि कपाळाला लावायची, तोंडात नाही. तेवढं करा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात नदीचं, कुंडाचं, देवळातल्या घंगाळातलं पाणी एक थेंबही जाता कामा नये. २०२७ च्या सिंहस्थाला घरोघरी पाहुणे येतील, तेव्हा हे त्यांनाही सांगा. पुण्य लागावं म्हणून तान्ह्या बाळाच्या ओठाला गंगा लावणारे हात प्रेमाचेच असतात.

गुटीचं म्हणाल तर मुरडशेंगेच्या दोन वळशांनी रक्ती आव झाली नाही आणि बरीही झाली नसती. धोका असतो सहाणेत, उगाळायच्या न उकळलेल्या पाण्यात आणि चाटवणाऱ्या बोटात. पंधरा महिन्यांच्या मुलाला गुटीची काही गरज नाही. आणि पुढे घरात कधी तान्हं बाळ आलं तर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीही नको आणि पाणीही नको. मधाचं बोट तर वर्षाच्या आत मुळीच नको.

आता जिथे तुमचं खरंच चुकलं तिथे येते. मावशी, लंघनाने नुकसान झालं.

रागावून म्हणत नाही. मी शिकत होते तेव्हा पावसाळ्यात एका सरकारी दवाखान्यात रात्रीची ड्यूटी असायची. एका रात्री एक आजी आठ महिन्यांची नात घेऊन आली. तीन दिवस जुलाब आणि तीन दिवस पोरीच्या तोंडात जवळजवळ काहीच नाही, पोटाला आराम मिळावा म्हणून. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. सुई टोचायला शीर सापडेना. पहाटे ती गेली. त्या आजीने तिला जिवापाड जपलं होतं, हे तिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. आज तीस वर्षं होत आली, जुलाबाचं बाळ समोर आलं की मी आधी त्याच्या आजीशी बोलते, आईशी नंतर.

जुलाबात बाळ जातं ते जंतूमुळे कमी आणि कोरडं पडल्यामुळे जास्त. शीवाटे पाणी आणि मीठ जातं. ते वेळीच परत दिलं तर जुलाब चार-पाच दिवस चालू राहिले तरी बाळाला धोका नसतो. परत दिलं नाही तर एका दिवसात बाळ मान टाकतं. तुमचा नातू दुसऱ्या दिवशी म्हणून गळाला. जंतू होतेच, पण वर पाणीही पुरेसं नाही, मीठही नाही, अन्नही नाही. साबुदाण्याच्या पाण्यात थोडी खळ असते, मीठ जवळजवळ नसतं.

पोटाला आराम द्यायला हवा हे मोठ्या माणसाच्या अजीर्णापुरतं असेल. बाळाचं आतडं जुलाब चालू असतानाही दिलेल्या अन्नातला बराच भाग शोषून घेतं. उलट अन्न मिळालं नाही तर सोललेलं अस्तर नव्याने यायला उशीर होतो. म्हणून दूध चालू, खिमटी चालू, मऊ भात चालू. आई अजून अंगावर पाजत असेल तर तेही चालू, नेहमीपेक्षा जास्त वेळा. भूक कमी असेल तर थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी.

आणि पहिल्या पातळ शीपासून ओआरएस. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण याची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि ते पाणी आयाबायांच्या हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. यामागची युक्ती एवढीच, की जुलाबाने बिघडलेल्या आतड्यातही साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जाऊ शकतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं. नुसतं पाणी पाजलं तर ते तसं टिकत नाही. साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. म्हणून प्रमाणाला एवढं महत्त्व.

तुमच्या मुलाने आणलेलं डब्यातलं पेय इथे नापास होतं. त्यात साखर भरपूर आणि मीठ कमी असतं. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हे शब्द वापरायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती याच कारणासाठी. दुकानदाराच्या तोंडी मात्र ते नाव अजून असतं. पाकीट हातात घ्या, उलटं करा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं लिहिलंय का ते बघा. सोडियम क्लोराइड, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट, एवढीच नावं असतात. औषधाच्या दुकानात ते स्वस्त मिळतं आणि आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, झिंकच्या गोळ्यांसह.

करताना एक चूक घरोघरी होते. लिटरच्या पाकिटातली पावडर पेलाभर पाण्यात थोडी थोडी टाकतात, "कडक" व्हावं म्हणून. तसं कधीही करू नका. जास्त मीठ बाळाच्या मेंदूला घातक ठरू शकतं. लिटरचं पाकीट असेल तर लिटरभर उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या आणि पूर्ण पाकीट एकदम टाका. २०० मिलीचं पाकीट असेल तर २०० मिली. घरातला पेला किती मिलीचा आहे ते एकदा पाण्याच्या बाटलीने मोजून त्यावर खूण करून ठेवा. मिसळल्यावर उकळायचं नाही, साखर किंवा रस घालायचा नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, नवं करायचं.

तुमच्या नातवाएवढ्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे २०० मिलीच्या पेल्याचा पाव ते अर्धा. नातीला तसं झालं तर अर्धा ते पूर्ण पेला. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. "पाजलं की ओकतो" म्हणून आया सोडून देतात, पण चमच्या-चमच्याने गेलेलं बरंचसं आत राहतं. यात तास जातात आणि हात दुखून येतो. हे काम आजीसारखं कुणाला जमत नाही.

रात्री-अपरात्री पाकीट मिळालं नाही तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पाच मिलीचा चहाचा चमचा, शिगोशीग भरायचा नाही. किंवा मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचं वरचं पाणी, साय काढलेलं पातळ ताक. चहा नको, बाटलीतलं सोडापेय नको, ग्लुकोजची नुसती पावडर नको.

औषधांबद्दल थोडकंच सांगते. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात, त्यावर प्रतिजैविकं चालतच नाहीत. पोटातले उपयोगी जिवाणू मरून कधी जुलाब लांबतात. मेडिकलमध्ये मागितल्यावर मिळणारी दोन-दोन औषधं एकत्र असलेली सिरपं म्हणून नकोत. जुलाब "बांधणारी" मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं तर धोक्याचंच. शिगेलासारख्या आजारात आतडं असं थोपवलं की विष आतच कोंडतं आणि पोट फुगतं. रक्त दिसलं की मात्र गोष्ट बदलते. मग प्रतिजैविक लागतं. कोणतं आणि किती हे डॉक्टर मुलाचं वजन आणि तपासणी बघून ठरवतात, कारण आपल्याकडे शिगेला पुष्कळ जुन्या औषधांना दाद देत नाही. औषध सुरू करून ४८ तासांत ताप, रक्त, शीची संख्या यात फरक पडला नाही तर पुन्हा जायचं. तुमच्या सुनेने रक्त दिसताच पोराला उचललं, आणि तो आज घरात रांगतोय त्याचं हेही एक कारण आहे.

केव्हा घरी थांबायचं नाही हे ध्यानात ठेवा. शीत रक्त. दर वेळी उलटी, काही पोटात राहत नाही. डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही. पाणी दिसलं की बाळ हावऱ्यासारखं पितं, चिडचिड करतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पेंगतं, पिईनासं होतं. आकडी आली. किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, हळूहळू गेली तर निघा. रिक्षात बसल्यावरही चमच्याने ओआरएस चालू ठेवायचं. जुलाब चौदा दिवसांपुढे गेले तर तेही दाखवायचं, ते वेगळं दुखणं असतं. आणि "दात येतायत म्हणून" हे कारण कुणी दिलं तर ऐकून घ्या, पण शी मोजत राहा. दात येताना बाळ दिसेल ते तोंडात घालतं, जंतू त्या वाटेने जातात.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? लोक आधी पाण्याच्या मशीनचं विचारतात. मी आधी साबणाचं विचारते. नातवाची शी धुतल्यावर तुम्ही हात कशाने धुता? नुसत्या पाण्याने धुऊन पदराला पुसत असाल तर मशीन कितीही महागाचं असो, उपयोग नाही. बाळाची शी निरुपद्रवी नसते, मोठ्यांच्या शीइतकेच जंतू तिच्यात असतात. ती संडासातच टाकायची, मोरीत किंवा नालीत नाही. डायपर गुंडाळून कचऱ्यात. लंगोट वेगळ्या बादलीत, गरम पाण्यात, भांड्यांच्या मोरीपासून लांब. नंतर साबण लावून, नखांत, अंगठ्याच्या मागे, वीस सेकंद चोळून हात धुवा. तसंच कणीक मळण्याआधी, घास भरवण्याआधी आणि स्वतः संडासातून आल्यावर. नातीसाठी मोरीजवळ तिच्या हाताला पोहोचेल असा साबण ठेवा. पुढचा महिनाभर तिचा हात तुम्ही जातीने धुवायला लावा, आणि भावाला घास भरवायचं काम तूर्त तिच्याकडून काढून घ्या. दोघांची नखं दर रविवारी कापा.

पाण्याचं म्हणाल तर महापालिका गंगापूर आणि मुकणे धरणांचं पाणी शुद्ध करून सोडते. बिघाड वाटेत होतो. नळ बंद असताना जुन्या पाइपातली पोकळी शेजारच्या गटारातलं पाणी फटीतून आत ओढते, आणि नळ आला की ते आधी आपल्या हंड्यात येतं. म्हणून पावसाळ्यात नळ आल्यावर पहिलं पाणी सोडून द्या, ते झाडांना घाला. गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं तर विभागीय कार्यालयात त्याच दिवशी कळवा, सोसायटीतल्या चार घरांनी मिळून. खालची आणि वरची टाकी शेवटची कधी धुतली ते अध्यक्षांना विचारा. बहुतेक ठिकाणी कुणालाच आठवत नाही. लहान मुलं आहेत तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळी येऊन निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा, अरुंद तोंडाच्या भांड्यात ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. मशीनचं पाणी घेऊन त्यात पेला बुडवला की मशीन घेतलं काय आणि न घेतलं काय.

दुधाची बाटली अजून असेल तर ती या आजाराबरोबरच घराबाहेर जाऊ द्या. बुचाच्या आत जो दुधाचा थर राहतो तो कितीही ब्रश घातला तरी नीट निघत नाही. वाटी-चमचा, नाहीतर छोटा पेला. खिमटी ताजी करा, दोन तासांत संपवा. सकाळची संध्याकाळी गरम करून देऊ नका. गोळेवाल्याचा बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी पावसाळाभर दोघांनाही बंद.

रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट मिळते. नातवाच्या कार्डावर ते तीन डोस आहेत का बघा. ती विषाणूच्या जुलाबांवरची आहे, शिगेलावर नाही. शिगेलासाठी आपल्याकडे आज तरी लस मिळत नाही, साबणच आहे. गोवराची लस राहिली असेल तर तीही घ्या, कारण गोवरानंतरचे जुलाब फार वाईट असतात.

वाळल्याची काळजी करू नका, पण काम करा. पुढचे दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त. मुगाची डाळ-तांदळाची मऊ खिचडी वर चमचाभर तूप घालून, मेतकूट-भात, नाचणीचं सत्त्व दुधात, केळं, उकडलेलं अंडं खात असाल तर अंडं. पातळ पाणीदार काही देऊन पोट भरवू नका; चमच्यावरून घसरणार नाही एवढं दाट हवं. मोठ्या आजारातून उठलेलं पोर आठ दिवसांनी एकदम खायला लागतं, तेव्हा ताट तयार असू द्या.

राहिली सून. तीर्थाचं तिला सांगा, मावशी.

झोप लागत नाही हे तुम्हीच लिहिलंय. हे मनात ठेवलंत तर पुढच्या वेळी पोराला काही झालं की तुम्ही आधी लपवाल आणि डॉक्टरांनाही अर्धंच कळेल. ती चिडेल, दोन दिवस जास्तच चिडेल. चिडू द्या. रात्रपाळी करून आलेल्या आईने पोराला मान टाकलेलं बघितलंय, ते विसरायला तिला वेळ लागणार. ती उपाशी ठेवण्याबद्दल बोलली ते खरं होतं, ते मान्य करा. गुटीबद्दल बोलली ते तितकंसं खरं नव्हतं, पण तो वाद आत्ता काढू नका. तिला हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल. तिच्यासाठी एवढंच लिहिते: सूनबाई, शी मोजणारी, ताप बघणारी आणि तास-तास चमच्याने पाजणारी माणसं घरात फार कमी असतात. तुझ्या सासूबाईंच्या हातात योग्य गोष्ट दे, त्या ती मन लावून करतील. ओआरएसची चार पाकिटं, झिंकची एक पट्टी आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी एका डब्यात घालून तो डबा त्यांच्या समोर, देवघराशेजारच्या फळीवर ठेव.

झिंकचे उरलेले नऊ दिवस दोघींनी वाटून घ्या. तिची सुट्टी असेल त्या दिवशी तिने, बाकीचे दिवस तुम्ही. चौदाव्या गोळीनंतर नातवाला अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या दिवशी नेऊन वजन करा आणि किती भरलं ते मला कळवा.